ओकायामाच्या ओढ्यातलं निर्माल्य

(साखरा, तालुका सेनगाव. रविवारी नुकतंच उजाडलंय. किसनराव आंघोळ उरकून पूजेला बसायच्या बेतात आहेत, हातात फुलांची परडी. फोन नर्मदाबाईंनी धरलेला. पडद्यावर त्यांचा मुलगा देविदास, जपानमधून.)

देविदास : माय, फोन दादाकडं कर. अन् तू मधी बोलू नको.

नर्मदाबाई : मी काहून बोलू? मी तं तुमच्या दोघांमधली खुंटी, फोन टांगायची. घ्या हो, बोला लेकाशी. पण आधी त्याचं तोंड पाहून घ्या, मंग हसा.

किसनराव : राम कृष्ण हरी! आरं, एवढ्या सकाळी? आन् हे पायात काय, गमबूट? जपानात नांगरटी लागली का तुला?

देविदास : ओढा साफ करून राहिलो. आज गल्लीच्या सफाईचा रविवार हाये. दादा, काल आपल्या गावच्या हिरासिंगनं तुमचं कीर्तन पाठवलं मोबाईलवर.

किसनराव : पाह्यलं का! पुरं पाह्यलं? लोकं इतके हसले का पखवाजवाल्याचा हात थांबला. कळमनुरीहून निरोप आला, म्हणे बुवा, तो जपानचा दृष्टांत आमच्याकडंबी होऊ द्या.

देविदास : "मंडळी, रोज पहाटे मी पांडुरंगाचं निर्माल्य जपानच्या गंगेत सोडलं, आन् त्या गंगेनं विचारलं न्हाई का बाबा तू कोणत्या देशाचा." हे तुमीच बोलले ना?

किसनराव : त्याच वाक्याला टाळ्या पडल्या.

देविदास : ते खरं हाये, का कीर्तनापुरतं?

किसनराव : व्यासपीठावर मी खोटं बोलतो का रे?

देविदास : माय...

नर्मदाबाई : तूच म्हणला मधी बोलू नको.

देविदास : दादा, तुमी गेल्यापासून मी गल्लीतल्या एकेका दारात जाऊन सांगून राहिलो का ती फुलं आमच्या घरची न्हाईत. शपथेवर सांगून राहिलो.

किसनराव : कोणती फुलं?

देविदास : ओढ्याच्या जाळीत अडकलेली. पुढं मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी हाये. तुमची फुलं, हाराचे दोरे, वरून पालापाचोळा. तुमी विमानात बसले त्याच रात्री पाऊस झाला, जाळी तुंबली अन् पाणी शेजारच्या मोरितांच्या भाजीच्या वाफ्यात शिरलं. अख्खे कांदे सडले त्यांचे.

किसनराव : मंग मोरिता बोलला का तुला? का रे तुझ्या बापानं माझे कांदे सडवले, असं म्हणला का?

देविदास : न्हाई.

किसनराव : दुसरं कोणी?

देविदास : कोणी न्हाई. घरोघर एक पाटी फिरती इथं, गल्लीच्या सूचनांची. वाचायची, शिक्का मारायचा, शेजारच्या दारात ठेवायची. तिच्यावर लिहून आलं, "ओढ्यात फुलं येऊन राहिलीत, सगळ्यांनी मिळून काळजी घेऊ या."

किसनराव : नाव न्हाई ना? मंग तू काहून आपल्या डोक्यावर घेऊन राहिला? आपल्या साखऱ्यात असतं तर पेमाबाईनं ओट्यावर उभी राहून माझ्या सात पिढ्या धुतल्या असत्या. आन् संध्याकाळी तिच्याच घरी मी चहा पेलो असतो. मोकळं! हे काय, पाटी फिरवतात!

देविदास : इथं पिढ्या धुवत न्हाईत, दादा. इथं रस्त्यात भेटलं तर नमस्काराला वाकतात ते थोडं कमी वाकतात. तुमाला दिसणारबी न्हाई किती कमी. मला दिसते.

नर्मदाबाई : अगं माय. हे तर शिव्यांपेक्षा वाईट.

किसनराव : पण तुझ्या घरात निर्माल्याला जागा होती कुठं, ते सांग! प्रतिक्षाच्या ओट्याखाली थैल्यांची रांग. जळायची एक, न जळायची एक, प्लास्टिकची एक, बाटल्यांची आणखीन वेगळी. आज ह्या थैलीचा वार, उद्या त्या थैलीचा. मी विचारलं, सूनबाई, देवाची फुलं कोण्या वारी? ती म्हणली, बाबा, जळायच्या थैलीत. त्या थैलीत काय होतं ठाऊक हाये? माशाचे काटे! शेजारणीनं दिलेल्या माशाचे! पांडुरंगाच्या गळ्यातला हार माशाच्या काट्यासंगं जाळू?

देविदास : तिनं नंतर कुंडी दिली होती ना तुमाला? म्हणली, हिच्यात पुरा.

किसनराव : कुंडी! माझ्या तळहाताएवढी. एका एकादशीत भरली.

देविदास : मंग मला सांगायचं.

किसनराव : तू घरात असतो कवा? अंधारात जाणार, अंधारात येणार. आन् देविदास, तुला खरं सांगू? पहिल्या दिवशी पहाटे दार उघडलं तं दारासमोर पाणी. वाहतं. तळचे गोटे दिसतात इतकं निर्मळ. माझी सारी जिंदगी ह्या कोरडवाहूत गेली. आपला नाला दिवाळीनंतर धूळ उडवतो. वाहत्या पाण्यात फूल सोडायचं तर इथून गाडी करून नदी गाठा लागते. आन् तिथं दारात! मी हात जोडले, म्हणलो, देवा, म्हातारपणी गंगा दाखवलीस. मंग फुलं थैलीत टाकू?

नर्मदाबाई : पाणी दिसलं का सुटले. मी इथं चाळीस वर्षं तुळशीच्या बुडाशी पुरून राहिले, तिथं पांडुरंग कधी रुसला न्हाई.

किसनराव : तू थांब जरा.

नर्मदाबाई : थांबले. किती थांबू तेवढं सांगा.

देविदास : दादा, तुमाला कळून न्हाई राहिलं. आता सफाई झाली, चहा चालू हाये. चहा झाला का गल्लीची बैठक. तिथं मला उभं राहून बोलावं लागणार.

किसनराव : बोल ना. म्हणाव, वडील माणूस होतं, पाहुणं होतं, परत गेलं. झालं!

देविदास : घराचं ठाऊक हाये ना तुमाला? किती दारं पाहिली आमी. परदेशी म्हणलं का घरमालक गोड हसायचे अन् दार लावून घ्यायचे. हे घर मोरितांच्या शब्दावर मिळालं. मालक राहतो टोकियोत, त्यानं मोरितांना विचारलं, ही माणसं कशी हायेत? मोरिता म्हणले, आमच्यातली हायेत. एवढ्या शब्दावर किल्ली दिली. ह्या महिन्यात करार नवा करायचाय, पुन्हा त्यांनाच विचारणार. प्रतिक्षाला सहावा महिना चालू हाये. आता मी कुठं दारं वाजवू?

किसनराव : एवढ्याशा फुलापायी घर काढून घेतील?

देविदास : फुलापायी न्हाई. खोटं बोललो म्हणून.

किसनराव : तू कुठं खोटं बोलला? तुला ठाऊकच नव्हतं.

देविदास : मी नुसतं "आमची न्हाईत" एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं. पण मी शहाणपणा केला. म्हणलो, वरच्या अंगाला जिझोचं देऊळ हाये, तिथून वाहून येत असतीन.

किसनराव : कोणाचं देऊळ?

देविदास : तो दगडाचा देव न्हाई का, ओढ्याच्या वळणावर. गळ्यात लाल लाळेरं बांधलेला.

किसनराव : आरं, तो! त्याला मी रोज हात जोडायचो. आपल्या म्हसोबासारखा, रस्त्याच्या कडंला ऊन-पाऊस खात बसलेला. पण म्हसोबापेक्षा गरीब तोंडाचा.

देविदास : लहान लेकरांचा राखणदार हाये तो. आता ह्या गल्लीत लेकरूच न्हाई. अर्धी घरं बंद, कुलपाला गंज. उरलेल्यात सगळी म्हातारी माणसं. त्या देवाचं सारं एकटी निशिदा आजी करते. झाडते, पाणी बदलते, रोज शेवंती वाहते. तुमचीबी शेवंती, तिचीबी शेवंती, एकाच दुकानातली. मी म्हणलो अन् सगळ्यांना पटलं.

नर्मदाबाई : मंग त्या बाईला बोलले का लोक?

देविदास : माय, इथं बोलत न्हाईत कोणी. मागच्या बैठकीत ती आजी उठली, कमरेत वाकली, म्हणली, माझ्यामुळं सगळ्यांना तकलीफ झाली, माफ करा. मोरितांपुढं वाकली. माझ्यापुढंबी वाकली.

नर्मदाबाई : तुझ्यापुढं?

देविदास : माझ्यापुढं. अन् दुसऱ्या दिवसापासून तिनं देवाला फूल वाह्यचं बंद केलं. झाडायला येते. पाणी बदलते. पण फूल न्हाई. आज मी गाळ काढत तिथपर्यंत गेलो तं देव रिकामा. फुलं खोचायच्या नळ्या उलट्या घालून ठेवल्यात.

किसनराव : किती दिवस झाले म्हणला?

देविदास : तुमी परत गेल्यापासून.

किसनराव : तवापासून देव बिनफुलाचा हाये?

देविदास : व्हय.

नर्मदाबाई : आन् इथं यांच्या वाक्याला टाळ्या.

देविदास : अजून एक सांगू? प्रतिक्षाला दिवस गेल्याचं कळलं तवा त्या आजीनं देवाला नवं लाळेरं शिवलं. आमच्या लेकरासाठी. आमाला सांगितलं न्हाई, दुसऱ्याकडून कळलं. आता सकाळी जाळीतून हा दोरा निघाला अन् रात्री हिरासिंगचा व्हिडिओ. पाहा. ही गाठ कोणाची?

नर्मदाबाई : माझ्या सासूबाईची. घरात तशी गाठ आता फक्त यांनाच येते.

देविदास : आता तरी पटलं ना, दादा?

किसनराव : देविदास, ती म्हातारी... पाठीत पार वाकलेली? डोक्याला पांढरा रुमाल?

देविदास : व्हय.

किसनराव : हातात बारका झाडू?

देविदास : तीच. काहून?

किसनराव : तिनं पाह्यलंय मला.

देविदास : काय पाह्यलंय?

किसनराव : फुलं सोडताना. रोज. मी इकडं पाण्यात फूल सोडलं का ती तिकडं झाडू खाली ठेवून वाकायची. मीबी वाकायचो. मला वाटलं, तिला आवडून राहिलं. मी प्रतिक्षालाबी सांगितलं होतं, म्हणलो, सूनबाई, तुमच्या ह्या मुलखात एक तरी माणूस भाव ओळखणारं हाये.

देविदास : म्हणजे तिला ठाऊक होतं.

किसनराव : पहिल्या दिवसापासून.

देविदास : अन् मी तिच्यावर ढकललं तवा ती बोलली न्हाई. माझ्या तोंडाकडं पाहून वाकली, दादा! मी म्हणलो, "असू द्या आजी, होतं असं कधीकधी." मी तिला माफ केलं! मी!

नर्मदाबाई : दुसऱ्याचं चुकलेलं पोटात घालावं म्हणून हे तासभर सांगतात. गळा सुकतो सांगून सांगून. त्या बाईनं एक शब्द न बोलता घातलं.

किसनराव : टोमणे नंतर मार.

नर्मदाबाई : नंतर कवा? बैठक आता हाये.

किसनराव : मंग देविदास, असं कर. तू सांग त्यायला. म्हणाव, माझ्या वडिलाकडून अजाणता झालं, ते फार दिलगीर हायेत, त्यायनी निरोप देलाय...

देविदास : निरोप?

किसनराव : मंग काय करू? मी इथं साखऱ्यात. मला त्यांची भाषा येत न्हाई. आन् मी वयानं, मानानं... दहा गावात लोक पायाला हात लावतात माझ्या. अनोळखी माणसापुढं ह्या चौकोनी डबीतून कसं उभं राहावं?

नर्मदाबाई : अहो, एक विचारू? दर कीर्तनाच्या शेवटी तुमी काय म्हणता?

किसनराव : काय म्हणतो?

नर्मदाबाई : "मायबाप, वेडंवाकडं बोललो असंन, काही चुकलं असंन, लेकरू समजून पदरात घ्या." शेकडो माणसापुढं म्हणता. डोळ्यात पाणी आणून म्हणता. तवा काही चुकलेलं नसते, म्हणून सोपं जाते का?

देविदास : माय, जाऊ दे.

नर्मदाबाई : काहून जाऊ दे? लग्न झाल्यापासून हे ऐकून राहिले मी. मागं बसून टाळ वाजवला मी त्याला. एकदा तरी खरं म्हणताना ऐकू दे.

देविदास : दादा, चहा संपला. मोरिता सगळ्यांना बोलावून राहिले. मी जातो, माझं मी पाहीन.

किसनराव : थांब. फोन ठेवू नको.

देविदास : दादा...

किसनराव : ठेवू नको म्हणलं ना! नर्मदे, ही परडी धर. टोपी... टोपी काढून वाकतात का तिथं, का घालून?

देविदास : काढून.

किसनराव : काढली. किती वाकायचं?

देविदास : ते आता तुमचं तुमी ठरवा.

किसनराव : तिथलं काही बोलायचं असंन तं शिकव पटकन.

देविदास : तुमी मराठीतच बोला. मी सांगत जातो. हे पाहा, मी फोन वर धरला. समोर मोरिता हायेत. डाव्या हाताला, रुमालवाल्या, त्या आजी.

किसनराव : दिसल्या. तर मंडळी, परमार्थामधी माणसाचं...

देविदास : दादा, कीर्तन नको.

किसनराव : व्हय. न्हाई. थांब. आजी, ती फुलं माझी होती. माझ्या लेकाला ठाऊक नव्हतं. तुमाला होतं. मला तिथं कोणी अडवलं न्हाई म्हणून मला वाटलं, सारं बराबर हाये. मोरितासाहेब, तुमचे कांदे माझ्यामुळं गेले. पण कांदे पुन्हा येतीन. आजी, तुमचा देव माझ्यापायी बिनफुलाचा राहिला, त्याचं काय करू मला समजून न्हाई राहिलं. मी चुकलो. आज खरंच चुकलोय. बस. सांग त्यायला.

देविदास : सांगितलं.

किसनराव : काय म्हणले? कोणी बोलून काहून न्हाई राहिलं? हे लोक...

नर्मदाबाई : वाकलेलेच राहा. घाई करू नका.

देविदास : आजी बोलून राहिल्या. थांबा, ऐकू द्या. त्या म्हणतात, पहाटेच्या पाण्यात तुमची फुलं जाताना फार छान दिसायची. पुढं जाळी हाये, हे त्यांना ठाऊक होतं. पण तुमाला सांगायला भाषा नव्हती, अन् तुमी इतकं मनापासून हात जोडायचे का अडवायचा धीर झाला न्हाई. तवाच सांगायला पाहिजे होतं म्हणतात. म्हणून त्या माफी मागून राहिल्यात.

किसनराव : आता ती काहून माफी मागून राहिली? चूक माझी! सांग तिला! आरं, सांग ना, वाकू नको म्हणाव, तिची पाठ... पाहा, पुन्हा वाकली! हे लोक माणसाला धड माफीबी मागू देत न्हाईत!

नर्मदाबाई : तुमीच वाका मंग. खाली. आणखीन.

किसनराव : वाकलो ना! कमरेत उसण भरली माझ्या.

देविदास : दादा, एक मिनिट. मोरिता काहीतरी देऊन राहिलेत मला.

किसनराव : काय देलं? नर्मदे, तू पाहा. मला खालून दिसत न्हाई.

नर्मदाबाई : बादली दिसून राहिली. आन् झाडू.

देविदास : देवळाची बादली हाये. म्हणले, निशिदा आजीची कंबर आता साथ देत न्हाई, पुढच्या महिन्यापासून जिझोच्या फुलांची पाळी तुमच्या घराकडं. वाळलेली फुलं कुठं पुरायची ती जागा आजी दाखवतीन. तिच्या परसात, शेवंतीच्या बुडाशी.

नर्मदाबाई : शेवंतीच्या बुडाशी! ऐकलं का?

किसनराव : ऐकलं, ऐकलं. आन् घराचं? घराचं काय बोलले?

देविदास : घराचं कोणी काही बोललं न्हाई.

किसनराव : आरं मंग समजावं काय माणसानं? राहा म्हणले का जा म्हणले? एका तोंडानं सांगायला काय जाते यांचं!

नर्मदाबाई : अहो, जाणाऱ्या माणसाला कोणी देवाची पाळी देते का?

देविदास : माय बराबर बोलली, दादा.

किसनराव : व्हय का? तसं असतं का ते?

देविदास : तसंच असतं. मोरिता आता वाकले माझ्यापुढं. नेहमीएवढे. ठेवतो मी. आजी थांबल्यात, त्यांना फुलं आणून द्यायचीत.

किसनराव : प्रतिक्षाला जप म्हणाव. आन् देविदास... तुलाबी. म्हणजे, तुझ्याबी... तुला लोकांपुढं माझ्यापायी...

देविदास : कळलं, दादा.

किसनराव : कळलं ना?

नर्मदाबाई : त्याला कळलं. कळमनुरीला काय निरोप देऊ आता? जपानचा दृष्टांत हाये का न्हाई?

किसनराव : हाये. पण आतापर्यंत अर्धाच सांगितला. टाळ्यांपर्यंतचा.

नर्मदाबाई : पुढचा सांगितला तर टाळ्या पडायच्या न्हाईत.

किसनराव : न पडू दे.

नर्मदाबाई : अहो, मंग जोडलेले हात सोडा आता. टोपी घाला. फोन कवाच बंद झाला.

किसनराव : असू दे जरा.